सुभेदाराच्या बरगड्या आणि माझा भक्कम बचाव

भिंगार, जि. अहमदनगर
फेब्रुवारी १९७३

आदरणीय सहादेवराव यांना भिंगारहून गोरक्षनाथ टेलरचा नमस्कार पोचावा. सासूबाईंच्या गुडघ्यांना आराम पडला असेल, विहिरीत पोहरा बुडण्याइतकं पाणी राहिलं असेल आणि बैल उभे असतील, अशी आशा करतो. (अशा दुष्काळाच्या सालात खरं तर बैलांचं आधी विचारायला हवं, पण पत्र सासूबाई वाचून घेतात म्हणून गुडघे आधी घेतले.) इकडे मी खुशाल आहे. फक्त माझ्यावर कोर्टात खटला झाला आहे. घाबरण्याचं कारण नाही. बचाव भक्कम आहे आणि तो बहुतेक मी स्वतःच तयार केला आहे.

खटला आमच्या कुत्र्यावरून आहे. सुभेदाराला तुम्ही ओळखता. (मागच्या दिवाळीत तुमच्या जोड्याचा एक पाय नेला तो हाच.) छावणीतल्या एका सुभेदारानं बदली झाली तेव्हा तो माझ्या पदरात टाकला, म्हणून हे नाव. आता भिंगारमध्ये पेन्शनर सुभेदारांना तोटा नाही. त्यामुळे रस्त्यात “सुभेदार, उकिरड्यातनं बाहेर ये” अशी हाक मारली की ओट्यावर बसलेली दोन-तीन वयस्कर माणसं चमकून बघतात. त्यातलेच एक आमच्या समोर राहणारे आबासाहेब. मिशी अजून नोकरीत असल्यासारखी आहे. पेन्शनीत वेळ जाईना म्हणून ते इथल्या प्राणिमित्र मंडळाचे सेक्रेटरी झाले आणि पहिली फिर्याद त्यांनी माझ्यावर केली. मी कुत्र्याला पोटभर खायला घालत नाही, त्याच्या बरगड्या रस्त्यावरून मोजता येतात, तेव्हा मला शिक्षा व्हावी आणि कुत्रा मंडळाच्या ताब्यात द्यावा, असं त्यांचं म्हणणं. शिक्षेचं मला काही वाटलं नाही. पण कुत्रा नेला तर तुमच्या बहिणीला, पुष्पाला काय तोंड दाखवणार, हा विचार आला आणि मी लढायचं ठरवलं.

बरगड्या दिसतात हे खरं आहे. का दिसतात, ते तुम्हाला सांगायला हवं, कारण त्याचं मूळ तुमच्याच घरात येऊन बसलं आहे. संक्रांतीला पुष्पा चार दिवसांसाठी म्हणून मिरजगावला आली, त्याच्या आदल्या दिवशी आमच्यात थोडं बोलणं झालं. तिनं तुम्हाला तिच्या बाजूनं सांगितलंच असेल, म्हणून माझ्या बाजूनं लिहितो. रेशनवरचा लाल मिलो, ही परदेशी ज्वारी, तुम्हीही खाताच, त्याची भाकरी कशी होते ते जाणता. मी एवढंच म्हणालो की ही भाकरी कोटाच्या कॉलरमध्ये घातली तर कॉलर जन्मात मोडायची नाही. हे मी धंद्याच्या नजरेनं बोललो होतो. त्यावर पुष्पा म्हणाली, “सुभेदाराला मी हीच भाकरी घालते. तो नावं ठेवत न्हाई, उलट शेपूट हलवतो.” मी म्हणालो, मला शेपूट नाही. (हे उत्तर त्या वेळी मला फार चांगलं वाटलं होतं.) सकाळी ती गाडीत बसली.

तेव्हापासून स्वयंपाक मी करतो. कापड बेतणाऱ्या माणसाला भाकरी अवघड जाऊ नये, असा माझा समज होता. पहिल्या दिवशी सुभेदारानं माझी भाकरी हुंगली आणि अंगणात पुरली. दुसऱ्या दिवशी हुंगलीही नाही. दाराशी बसून रस्त्याकडे बघत राहायचा, आणि कुणाच्या बांगड्या वाजल्या की उठायचा. मी त्याला दरडावलं, गूळ लावून दिला, एकदा तर त्याच्यासमोर बसून स्वतः खाऊन दाखवली, पण त्यानं मान फिरवली. आबासाहेबांनी समोरून पाहिलं ते एवढंच, की कुत्रा वाळत चालला आहे आणि मालक त्याच्यापुढे बसून जेवतो आहे.

वकील म्हणून मी रंगनाथ वकिलांना घेतलं. त्यांचा काळा कोट माझ्याच मशिनीवर झालेला आहे, त्यामुळे माणूस आतून-बाहेरून माहितीतला. ते म्हणाले, गुन्हा कबूल करा, हात जोडा, साहेब सोडून देतील. मी साफ नाही म्हणालो. भाकरी फडक्यात बांधून घेतली, सुभेदाराला दोरी लावली आणि नगरच्या कोर्टात वेळेच्या आधी हजर झालो.

आबासाहेब पिंजऱ्यात कवायतीला उभे राहावं तसे उभे राहिले आणि कुत्र्याच्या हालांचं त्यांनी असं वर्णन केलं की मलासुद्धा माझा राग आला. मग त्यांनी मिलोवर बोट ठेवलं, की हा कुत्र्याला लाल भाकरी घालतो, हा छळ नव्हे तर काय. इथे आमच्या वकिलांना जोर चढला. ते म्हणाले, हा छळ असेल तर सगळ्या जिल्ह्याचा चालला आहे, आणि फिर्यादींनी सकाळी काय खाल्लं तेही सांगावं. आबासाहेब खोटं बोलत नाहीत. त्यांनी मान खाली घालून सांगितलं, मिलोच.

मग मी परवानगी मागून भाकरी सुभेदारापुढे ठेवली. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कारकुनाच्या टेबलाखाली जाऊन बसला. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी भाकरी वर मागवली आणि टेबलावर आपटून पाहिली. मागच्या बाकावरचा एक डुलकी घेणारा पक्षकार दचकून उठला.

“ही तुम्ही स्वतः खाता?” साहेबांनी विचारलं.

“व्हय साहेब. दुसरी येत न्हाई.”

आणि मी माझा मुख्य पुरावा दिला. सदरा वर करून पँटची कंबर दाखवली. संक्रांतीपासून ती मी दोनदा आत घेतली आहे, दोन्ही शिवणी ताज्या आहेत, कुठल्याही टेलरला बोलावून तपासाव्यात, असं सांगितलं. मालक आणि कुत्रा एकाच भाकरीवर सारखेच वाळले असतील, तर हयगय कुणी कुणाची केली, हे कोर्टानं ठरवावं. सहादेवराव, मुद्दा बिनतोड होता. रंगनाथ वकील माझ्याकडे बघतच राहिले.

साहेबांनी मात्र विचारलं, आधी कुत्र्याला कोण घालायचं. मी सांगितलं, मंडळी. त्या कुठे आहेत? माहेरी, मिरजगावला. “कधी येणार?” या प्रश्नाला वकिलांनी हरकत घ्यायला हवी होती, ती त्यांनी घेतली नाही. मी सदरा पुन्हा पँटीत खोचत राहिलो. सुभेदार टेबलाखालून बाहेर आला आणि माझ्या पायावर हनुवटी टेकून बसला.

असो. एकंदरीत बाजू आपलीच वरचढ आहे. सासूबाईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे.

आपला,
गोरक्षनाथ

ता.क. खटल्यात एकच उणीव आहे. कुत्रा आधी व्यवस्थित जेवत होता, हे सांगणारा साक्षीदार हवा, आणि तसा साक्षीदार पुष्पाशिवाय कुणी नाही. कायद्याची बाब आहे, तेव्हा तिला लवकर पाठवावे. समन्स निघून गावात पोलीस यावा, हे तुमच्या घराण्याला शोभणार नाही.

ता.क. समन्सचं वाचून सासूबाई घाबरतील, म्हणून खरं लिहितो. समन्स निघणार नाही. आबासाहेबांनी त्याच दिवशी साहेबांपुढे फिर्याद मागे घेतली आणि येताना टांग्यात मला शेजारी बसवून आणलं. तेव्हापासून त्यांची बायको रतनबाई सुभेदारासाठी रोज भाकरी पाठवते. ती तो खातो. अंगानं भरला आहे, शेपूटही हलवतो. तेव्हा कुत्र्यासाठी म्हणूनही पुष्पानं यायची गरज राहिलेली नाही.

ता.क. सोलापूरकडून मिरजगाववरून येणारी संध्याकाळची एस.टी. मी रोज स्टँडवर जाऊन बघून येतो. काल गिऱ्हाईक बसलं होतं म्हणून उशीर झाला, तर सुभेदार एकटाच पुढे गेला होता.