मुलीकडच्या बाई पोहे खाऊन गेल्या

मानक नगर, लखनौ
४ जुलै

ती. नंदावन्संना पद्मिनीचा वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटलंय, म्हणजे तुम्ही दिवसातून चारदा गच्चीवर जात असणार. इकडे सगळं ठीक. ठीक म्हणजे, मुलांची शाळा बंद केली आहे आणि शेजारच्या प्रतिमाचा सोफा आमच्याकडे येऊन परत गेला. क्रमाने सांगते.

सुजय आणि सूनबाई विनीता व्हिएतनामहून लान नावाची सहा वर्षांची मुलगी दत्तक घेणार, हे तुम्हांला माहीत आहे. (कळल्यापासून तुमचा फोन नाही, हे मलाही माहीत आहे. असो.) सुजय रेल्वेच्या कामाला वर्षभर तिकडे होता, तेव्हा विनीता एका बालगृहात शिकवायला जायची, तिथलीच ही. तिला ना हिंदी येत ना मराठी. एकदम शाळेत घातली तर कोपऱ्यात गप्प बसून राहील, म्हणून विनीताने ठरवलं की वर्षभर तिन्ही मुलं घरीच शिकतील, आणि सराव म्हणून सिद्धेश-क्षितिजाची शाळा आत्तापासूनच घरी. मराठीची मास्तरीण मी. चौथी शिकलेली बाई! (पुढचं सगळं ह्यांनी आणून दिलेल्या पुस्तकांवर. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली, तरी एखादा धडा छान जमला की सांगायला मी अजून त्यांच्या खुर्चीकडे वळते.) मी मराठीत विचारते, मुलं हिंदीत उत्तर देतात, आणि आम्हां तिघांनाही वाटतं की आपणच शिकवतोय.

तर दत्तकासाठी आधी सरकारतर्फे घर बघायला येतात. कांचन मिश्रा नावाच्या बाई येणार होत्या. आता मुलीकडचं माणूस घर बघायला येणार म्हटल्यावर मला एकच रीत माहीत. कांदेपोहे केले. आमच्या सोफ्याचा कापूस दिसतो, म्हणून प्रतिमाचा सोफा आणला, तिचा गालिचा आणला, आणि सोफ्याबरोबर शोभतात म्हणून तिचे मासेही, टाकीसकट. (विनीता बाजारात होती. सुजयने बघितलं आणि तो न्हाणीघरात जाऊन बसला.) मिश्राबाईंना मी सांगितलं, मुलं शांत आहेत, क्षितिजाला स्वयंपाकाची आवड आहे, आमच्या काही अपेक्षा नाहीत. सगळं जमत आलं होतं. पण वन्सं, मुलं शाळेत असती तर ना! ती समोरच पाढे लिहीत बसलेली. सिद्धेश मान वर न करता म्हणाला, "आंटी, ये सोफा हमारा नहीं है, शाम को जाएगा." क्षितिजा म्हणाली, "मछलियाँ भी."

मिश्राबाई पोहे खाताखाता थांबल्या. "अम्माजी, ये सब क्यों?" मी म्हटलं, लड़कीवाले आ रहे थे ना, हमारे यहाँ ऐसाच करते हैं. त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला, आणि मग मलाही हसू आवरेना. निघताना मी खणानारळाने ओटी भरायला गेले, तर भेट चालत नाही म्हणाल्या. शेवटी मी विचारलंच, पसंत आहे ना घर? म्हणाल्या, "बताऊँगी." "कळवतो" म्हणून गेलेल्यांनी कधी कळवलंय?

सुजयचा नमस्कार. गुडघ्याला तेल लावा.

तुमची
पद्मिनी

ता. क. : कळवलं. घर पसंत आहे, फक्त एक कागद कमी आहे. जवळच्या नातेवाइकाचं पत्र हवं, की हे मूल आम्ही आपलं मानू. विनीताला माहेरचं कोणी उरलं नाही आणि ह्यांच्या बाजूच्या तुम्ही एकट्या. त्याशिवाय अहवाल पुढे जात नाही. सुजय तुम्हांला विचारायला घाबरतो, म्हणून हे एवढं पुराण मी लावलं.

आणखी एक ता. क. : काय लिहू म्हणाल, तर सांगते. मला बघायला तुम्ही आला होतात. माझ्या अंगावर मावशीची साडी होती, आणि विचारलेल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मला धड देता आलं नाही. घरी जाऊन तुम्ही काय सांगितलंत, ते ह्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं : "मुलगी आपल्या घरची आहे." तेवढंच लिहा. खाली सही आणि तारीख.