तू सध्या माझ्याकडे आहेस

प्रिय दादा,
इथूनच पाया पडते, आशीर्वाद हक्काने घेते.

व्यसनमुक्ती केंद्रात पहिला महिना फोन देत नाहीत, म्हणून हे पत्र. आम्ही मजेत आहोत. इथे बेडोकमध्ये घरासमोरच बाजार आहे, अगदी मेथीसुद्धा मिळते. तुला जेवण जातंय ना? हात अजून थरथरतात का?

एक गंमत सांगते. आईने सोसायटीत सगळ्यांना सांगितलंय की तू सिंगापूरला माझ्याकडे आलायस! काल बर्वेकाकूंनी व्हिडिओ कॉल केला. म्हणाल्या, “रघुवीरला दे जरा.” मी म्हटलं, “तो खाली हॉकर सेंटरला कॉफी प्यायला गेलाय.” आणि बोलता बोलता मी खरंच दाराकडे पाहिलं.

आईवर चिडू नकोस. पांघरूण घालण्यात मीही कमी नव्हते. “बाहेर पिण्यापेक्षा घरात बरी” असं म्हणत दर दिवाळीला एअरपोर्टवरून तुझी बाटली मीच आणायचे. ते चुकलं माझं. आता आणणार नाही.

बाहेरच्या खोलीत तुझ्यासाठी पलंग घालून ठेवलाय. बरा झालास की ये. आईचं एवढं एक खोटं आपण खरं करू.

तुझी वाट बघणारी,
प्रणिता