फवारणी होती का?

जानेफळ,
९ नोव्हेंबर २०२५

अपेक्षाताई,

नमस्कार. तिकडं थंडी लय असंल, जपून राह्य. इकडं सारे बरे आहेत. सोयाबीन निंगालं, कापूस वेचून राह्यले लोक. परवा बाजारात तुह्या आईले पाह्यलं, तब्येत चांगली दिसली. मी मात्र जवळ गेली नाही, भाजीच्या दुकानामागून निंगून आली.

तू तीन महिन्यांपासून एकच गोष्ट मागून राह्यली, आन् मी टाळून राह्यली. कधी नेटवर्क नव्हतं, कधी घरात लग्न होतं. ते लग्न खोटं होतं, ताई. कोणाचंच नव्हतं.

तुह्या विद्यापीठातला व्हिडिओ पाह्यला. एवढ्या गारठ्यात ते पोरं पायऱ्यांवर बसून म्हणून राह्यले, की आमच्या विद्यापीठाचा पैसा त्या बियाणे कंपनीतून काढा, तिथं लेकरं राबवतात. एका गोऱ्या पोरीच्या गळ्यात तुह्या बहिणीच्या, महामायाच्या नावाची पाटी. सारे तिले 'महामाया' म्हणून हाक मारत होते आन् ती 'ओ' देत होती. बारा वर्षांत त्या नावाले कोणी ओ दिली नव्हती. मी मोबाईल उलटा ठेवला आन् मेडिकलच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून बसली.

आता कंपनी म्हणते, दवाखान्याच्या कागदावर उष्माघात लिहिला आहे, आमचा संबंध नाही. सत्तावीस तारखेले तुमच्याकडं त्या पैशावर मतदान. तुले वाटते, तुह्या बहिणीच्या बाजूच्या ओळीत मी होती, मी फवारणीचं हातानं लिहून देल्लं की तो कागद खोटा ठरंल. बरोबर आहे तुहं. पण त्या कागदावर ऊन कुठून आलं, हे तू कधी इचारलं नाही.

त्या दिवशी आम्ही दोघी शाळा बुडवून कंपनीच्या बियाण्याच्या प्लॉटवर क्रॉसिंगले गेलो होतो. कपाशीचं नर फूल मादी फुलावर घासायचं, धागा बांधायचा, पुढं सरकायचं. बाजूच्या पट्ट्यात सकाळपासून फवारा चालू होता, आम्हाले कोणी बाहेर काढलं नाही. दुपारून महामायाच्या तोंडातून लाळ गळाले लागली, डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली. माह्या बाबांनी तिले गाडीत टाकलं. पोरी आणणारे मुकादम तेच होते, तुले मालूमच आहे. तिचं डोकं माह्या मांडीवर होतं. मेहकरच्या रस्त्यानं बाबा मागं न पाहता म्हणाले, "डॉक्टरनं इचारलं तं ऊन लागलं म्हन. नाही तं मी जेलात जाईन."

डॉक्टरनं बाबांले सोडून मलेच इचारलं. "पोरी, फवारणी होती का?"

मी म्हणलं, "नाही. ऊन लागलं."

त्यानं सलाईन लावलं. ताई, त्या विषाचं इंजेक्शन वेगळं असते. मेडिकलवर बसायले लागली तवापासून ते माह्या पाठीमागच्या फळीवर आहे. ते भेटलं असतं तर ती वाचली असती का, मले सांगता येत नाही. पण त्यानं इचारलं होतं. आता कोणी चक्कर आली म्हणून औषध मागाले आलं की माह्या तोंडून तोच सवाल निंगते. भर हिवाळ्यातही. लोक हासतात. आन् फळीकडून महामाया हळूच म्हणते, "हाव, होती म्हन न वं, करिष्मा." रोज ऐकू येते मले. मी येडी झाली नाही, हे खरंच ऐकू येते.

बाबांचं मुकादमपण कधीचंच सुटलं. दारात बसून असतात. मघाशी इचारलं, कोणाले लिहून राह्यली? मी सांगतलं, अपेक्षाताईले. मंग म्हणाले, "माहं नाव येईन का त्याच्यात?" लय जीव आहे माहा त्यांच्यावर.

हे वाचून तू मले तोडशील तर तोड. माफी मागाले तोंड नाही मले. पण हे तिथं सगळ्यांसमोर वाच. तुह्या आईले मी उद्या सकाळी स्वतः जाऊन सांगते, तोवर तू फोन करू नको.

तू म्हणाली होतीस, खाली पूर्ण नाव पाहिजे, वडिलांच्या नावासकट, नाही तं ते लोक धरत नाहीत. फवारणी होती. लिहून देते.

करिष्मा गजेंद्र वानखेडे
तवा वय बारा