वॉकर विकणाऱ्या मुलीवरील कारवाई मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. निर्णय अधिकारी,
वैयक्तिक माहिती संरक्षण कार्यालय (तक्रार शाखा),
जुनी इमारत, दुसरा मजला.

विषय : माझी पत्नी कुठे आहे हे मला सांगितल्याबद्दल एका मुलीवर झालेली कारवाई रद्द होणेबाबत.

संदर्भ : १) रुग्णालयाविरुद्ध मी केलेली तक्रार.
२) त्या तक्रारीवरील आपला निर्णय, ज्यात रुग्णालयाचे अभिनंदन केले आहे.

महोदय,

१. मी चष्म्याचा दुकानदार आहे. दुकानात काचा मी बसवतो, काउंटर पत्नी सांभाळते. माझे नाव, पत्ता व मोबाइल क्रमांक येथे पुन्हा लिहीत नाही, कारण ते आपल्या नोंदीत आहेतच. आणि आपल्याकडे तक्रार दिल्यापासून ते वकील, विमावाले व गुडघ्याच्या तेलाचे विक्रेते यांच्याही नोंदीत असल्याचे त्यांच्या रोजच्या फोनवरून दिसते.

२. पत्नी तिच्या बहिणीला बसमध्ये बसवून द्यायला स्थानकावर गेली होती. परतताना ती जिन्यावरून घसरून पडली व तिचा मोबाइल फुटला. लोकांनी तिला उचलून रुग्णवाहिकेत घातले. जेवणाची वेळ टळून गेली तरी ती आली नाही, फोनही लागेना, म्हणून मी दुकान बंद करून स्थानकावर गेलो. जिन्याशी बसणारी फळवाली म्हणाली, "काकूंना मोठ्या दवाखान्यात नेलं. शुद्धीवर होत्या, पण पाय टेकवत नव्हता." मी मिळेल त्या रिक्षाने तिकडे गेलो.

३. रुग्णालयाच्या चौकशी खिडकीवर 'आपली माहिती आमच्याकडे सुरक्षित आहे' अशी पाटी आहे. ती वाचून मला प्रथम धीर आला. मी आतल्या कर्मचाऱ्याला पत्नीचे नाव सांगून ती येथे दाखल आहे का, असे विचारले. त्यांनी संगणकात पाहिले, काही वाचले, आणि पडदा माझ्यापासून वळवून घेतला. म्हणाले, "रुग्ण इथे आहे की नाही, हे सांगणं म्हणजेच माहिती उघड करणं. रुग्णाची संमती लागते." मी म्हणालो, "मग तिलाच विचारून या." त्यावर ते म्हणाले, "विचारायला गेलो तर त्या इथे आहेत असं होईल ना, काका." मी लग्नातला फोटो दाखवला. त्यांनी तो नीट पाहिला आणि फोटोतील स्त्री बरीच तरुण असल्याने ओळख पटत नाही, असे सांगितले. मागे रांग वाढली होती. कोणीतरी म्हणाले, "अहो, बाजूला व्हा." मी बाजूला झालो आणि खांबाशी उभा राहिलो. ती अजून जिवंत आहे की नाही, हेही मला त्या वेळी माहीत नव्हते, ही बाब आपल्या निर्णयात कोठेही आलेली नाही.

४. मी तसा उभा असताना मोबाइल वाजला. एका मुलीचा आवाज होता. ती पाठ केल्यासारखे म्हणाली, "नमस्कार सर, आपल्या मिसेसच्या उजव्या पायाच्या फ्रॅक्चरसाठी आमच्या कंपनीकडे हलके, घडीचे वॉकर उपलब्ध आहेत." पत्नीचा पाय मोडला हे मला अशा रीतीने कळले. मी विचारले, "ती आहे कुठे?" ती हळू म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलं नाही?" मी नाही म्हणालो. तेव्हा तिने वॉकरचे सगळे सोडून दिले. म्हणाली, "काका, ऐका. हाडांचा वॉर्ड, तिसरा मजला, खिडकीजवळची खाट. समोरून सोडणार नाहीत, औषधाच्या दुकानाशेजारी जिना आहे, तिथून जा. आणि घाबरू नका, शुद्धीवर आहेत असं इथे लिहिलंय."

५. मी त्या जिन्याने वर गेलो. वर निराळाच गोंधळ चालू होता. पत्नीच्या पायातील रक्तवाहिनी दबली होती आणि शस्त्रक्रिया ताबडतोब करायची होती. परंतु कागदावर नातेवाइकाची सही हवी म्हणून सगळे खोळंबले होते. परिचारिका पत्नीला पुन्हा पुन्हा विचारत होती, "तुमचं कुणीच नाही का हो, आजी?" म्हणजे वर नातेवाईक सापडत नव्हता म्हणून पाय जाण्याची वेळ आली होती, आणि खाली तोच नातेवाईक माहितीच्या संरक्षणासाठी खांबाशी उभा होता. मला पाहून पत्नी म्हणाली, "इतका वेळ कुठे होतात?" मी म्हणालो, "खालीच होतो." मी सही केली. पाय वाचला. आणखी उशीर झाला असता तर गुडघ्याखाली काढावा लागला असता, असे डॉक्टरांनी मला नंतर बाहेर बोलावून सांगितले.

६. पत्नीने दाखल होतानाच माझा मोबाइल क्रमांक रुग्णालयास दिला होता. तो रुग्णालयाने मला फोन करण्यासाठी वापरला नाही, वॉकरच्या कंपनीस मात्र तत्परतेने दिला. मी संदर्भ क्र. १ अन्वये तक्रार केली ती एवढीच. आपल्या कार्यालयाने विचारले की पत्नी तिसऱ्या मजल्यावर असल्याचे मला कसे समजले. मी खरे ते लिहून दिले, व मागितल्यावरून तो फोन ज्या क्रमांकावरून आला तोही कळवला.

७. त्यावर आपला निर्णय आला. तो मी पत्नीस मोठ्याने वाचून दाखवला. रुग्णालयाने मला काहीही सांगितले नाही, सबब त्यांनी कायद्याचे काटेकोर पालन केले, असे त्यात आहे. कंपनीस माहिती देण्यास पत्नीची संमती होती. दाखल होतानाच्या कागदाच्या मागील बाजूस ती बारीक अक्षरात छापलेली असून त्याखाली पत्नीची सही आहे. (पत्नी म्हणते की त्या वेळी तिच्यासमोर काहीही धरले असते तरी तिने सही केली असती.) कंपनीचाही दोष नाही. कंपनीने आपल्याला कळवले की सदर माहिती केवळ विक्रीसाठी वापरण्याची परवानगी होती, नातेवाइकास सांगण्याची नव्हती. अशा प्रकारे चौकशीअंती सगळे सुटले आणि एकटी ती मुलगी अडकली. तिने माहितीचा 'अनधिकृत प्रयोजनासाठी' वापर केला, असे आपण लिहिले आहे. त्या प्रयोजनाचे नाव मी आहे, महोदय.

८. त्याच तक्रारीवरून आपल्या कर्मचाऱ्यांनी माझ्या दुकानाचीही तपासणी केली, याबद्दल मी आभारी आहे. तयार चष्मा पाकिटात घालून वर गिऱ्हाइकाचे नाव व चष्म्याचा नंबर लिहायची आमची पद्धत होती. नंबर ही आरोग्यविषयक माहिती असल्याने नावे खोडण्याचा आदेश झाला. मी खोडली. आता गिऱ्हाईक आले की सगळी पाकिटे पुढे ठेवतो आणि ते एकेक चष्मा लावून बघतात. परवा शाळेच्या मुख्याध्यापिका एका बसचालकाचा चष्मा घालून समाधानाने गेल्या. बसचालक अजून यायचा आहे. तो कोणता चष्मा आपला समजेल, याची मला काळजी आहे, आणि बसने जाणाऱ्यांनाही असावी.

९. पत्नी घरी आल्यावर तिने पहिल्यांदा त्या मुलीची चौकशी केली. वॉकर घ्यायचाच आहे तर तिच्याकडूनच घ्यायचा, असे तिचे म्हणणे. मी त्या क्रमांकावर फोन केला. दुसऱ्याच एका गृहस्थाने उचलला. म्हणाला, "त्या मॅडमना कामावरून काढलंय." ती कुठे राहते, असे विचारता म्हणाला, "कर्मचाऱ्याची वैयक्तिक माहिती आहे, देता येत नाही," आणि लगेच विचारले, "काकूंचा पाय कसा आहे?"

१०. पत्नी त्या दिवशी जेवली नाही. म्हणाली, "आपल्यापायी पोरीचं काम गेलं, आणि तुम्ही चष्मे घासत बसलाय." सबब हा अर्ज. माझी मूळ तक्रार मी मागे घेत आहे. रुग्णालयाचे अभिनंदन खुशाल कायम ठेवावे. परंतु त्या मुलीवरील दोषारोप काढून टाकावा व तसे तिच्या कंपनीस कळवावे. आपल्या कर्मचाऱ्यांनी तोंडी सांगितले की पत्नीने आधी संमती दिली असती तर गुन्हाच झाला नसता. आता दिलेली संमती मागील तारखेस लागू होत नाही. पत्नीस हे समजावून सांगितले. तिने तरीही संमती लिहिली असून ती सोबत जोडली आहे.

११. शेवटची विनंती. त्या मुलीचा पत्ता आम्हांस देऊ नये. तो देता येत नाही हे आता पाठ झाले आहे. पत्नीला फार वेळ उभे राहवत नाही, आणि आमच्या काउंटरवर माणसाशी माणसासारखे बोलणारे कोणी तरी हवे आहे. म्हणून आमचा पत्ता तेवढा तिला द्यावा.

उत्तराची वाट पाहणारा,
(सही)
चष्मेवाला, म्हणजेच रुग्णाचा नवरा

दिनांक : शिक्क्याप्रमाणे

सोबत :
१) आपल्या निर्णयाची प्रत.
२) आमचा पत्ता त्या मुलीस देण्यास आम्हां दोघांची संमती.
३) पत्नीचे हस्तलिखित संमतीपत्र : "मी कुठे आहे हे माझ्या नवऱ्याला सांगायला माझी हरकत नव्हती. पुढे कधी पडले तर त्याचीही परवानगी आजच देऊन ठेवते. तेव्हा तरी आधी दिली नाही म्हणू नका."