भोपळ्याची उडी

सूनबाई,

भाजीसाठी आणलेला भोपळा शोधू नकोस. तुझी लेक चादरीचं पॅराशूट करून गच्चीवरून स्वतः उडी मारणार होती. नको म्हटलं असतं तर माझी पाठ वळताच मारली असती. म्हणून म्हटलं, "आधी भोपळ्याला पाठवू." चादर उघडलीच नाही, भोपळा धाडकन फुटला. पोर पांढरीफटक पडली. मग हळूच म्हणते, "आजोबा, भ्रमाचा भोपळा म्हणतात तो हाच का?" मला हसू आलं.

गच्चीला कुलूप घातलंय. आम्ही मैदानात रुमालाला चमचा बांधून उडवतोय. घरी आलो की तिला रागावू नकोस, आधी पोटाशी घे. मीही तेच केलं.

बाबा