दादाबद्दल दुसऱ्यांदा छापून आलं

ता. ९ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

कशी आहेस? इथे सगळं ठीक. आईचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो. स्वयंपाकघरातला नळ एकदाचा दुरुस्त झाला. माझी नोकरी चालू आहे, साहेबांची कटकटही.

बघ, किती इकडचं तिकडचं लिहितेय.

परवा दादाबद्दल पुन्हा पेपरात आलं. घाबरू नकोस, पुढे वाच. मागच्या वर्षीसारखं नाही. तेव्हा आपल्या घराचा फोटो, वर मोठ्या अक्षरांत ‘पत्नीशी भांडणातून आत्महत्या’, आणि कसं, कुठे, सगळं तिखटमीठ लावून. तो कित्येक महिने धड झोपत नव्हता, तूच त्याला हट्टाने डॉक्टरांकडे नेत होतीस, हे कोणी विचारलंच नाही. तू जिन्यात दिसलीस की लोक बोलायचे थांबायचे.

या वेळी लिहिणारी मुलगी दादाकडेच गाडी चालवायला शिकलेली; लिहिण्याआधी घरी येऊन गेली. “क्लच हळू सोड, तुझा नवरा नाहीये तो!” हे तिने थेट त्याच्या आवाजात ऐकवलं. आम्ही दोघी हसलो. मग रडलो.

मी विचारलं, “तो कसा गेला, तेही लिहिणार?”

“नाही. आधीच खचलेल्या माणसाला त्यातून तीच वाट दिसते. मला त्याला दुसरी दाखवायचीय. आणि ताई, याला कारण कधी एकच नसतं. कुणा एकाच्या माथी मारू नये.”

तिने दादाच्या आजाराबद्दल लिहिलं, त्याच्या थट्टेबद्दल लिहिलं. जवळचं माणूस असं खचलं तर त्याच्याशी कसं बोलायचं, तेही. शेवटी मदतीचा फोन नंबर.

वर्षभर आमची नजर चुकवणारे खालचे काका काल दारात उभे. म्हणाले, “आमचा थोरला खोलीबाहेर यायचा नाही. ते वाचून सरळ विचारलं, मरावंसं वाटतं का रे? हो म्हणाला. आजच डॉक्टरांकडे जाऊन आलो.” हे तू ऐकायला हवं होतंस, वहिनी.

आता आईचं. तेच टाळत होते. तो पहिला पेपर आल्यापासून तू घर सोडून जाईपर्यंत ती तुझ्याशी एक शब्द बोलली नाही. परवाचा लेख मी तिला वाचून दाखवला. जेवताना ती एकदम म्हणाली, “पेपराचं ऐकलं मी. सून समोर बसली होती, तिला नाही विचारलं, बाई गं, तू कशी आहेस.” आणि ताटावरून उठली.

तिला तुझ्याकडे यायचंय. फोन करायचा धीर होत नाही. परत चल म्हणायला नाही येणार ती. दादाबद्दल बोलायला तिला तुझ्याशिवाय कोणी नाही. मलाही नाही. संध्याकाळी दार वाजलं की अजून वाटतं, तुम्ही दोघं एकमेकांना चिडवत आत येताय. दोघांतलं एक तरी यावं.

नाही म्हणालीस तरी चालेल. पण काहीतरी लिही.

वहिनी म्हणू देशील ना अजून?

तुझीच,
धाकटी