दौंड स्टेशनातलं घोंगडं

॥ श्री बिरदेव प्रसन्न ॥

खुटबाव, ता. दौंड
मंगळवार, दि. १९ मार्च २००२

चि. जयसिंगला म्हाळूचा आशीर्वाद.

दिल्लीची हवा तुला मानवत असेल. इकडे सगळे बरे आहेत. विठाआत्याचा गुडघा दुखतो, तरी देवळापर्यंत जाते. तुझं नाव छापून आलेला पेपर घडी करून उशाखाली ठेवते. शेवटी तुझी आईच ती.

परवा रविवारी सकाळी मी लवकर अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो, बिरदेवाला भंडारा वाहिला आणि पहिल्या शटलनं दौंडला निघालो. देवापुढं रोज थोडा वेळ बसतो, त्या दिवशी बसलो नाही. काखेत नवं घोंगडं होतं. दौंडहून एसटीनं शिरूरला जायचं होतं. तिथं काय काम होतं ते सांगतो, पण आधीचं आधी.

तुझं राज्यसभेतलं भाषण ग्रामपंचायतीच्या ओट्यावर मोठ्यानं वाचलं गेलं. वाचत मीच होतो, सरपंच खंडूचा चष्मा फुटलाय. फौजेचा कारभार बघणाऱ्या समितीवर आपला माणूस बसलाय याचं लोकांना कौतुक आहे. तरी एक जण बोललाच, "साहेब हिमालयाचं बघत्यात, वस्तीच्या रस्त्याचं कोण बघणार?" पण जवानांच्या ब्लँकेटांसाठी दौंड-शिरूरच्या मेंढरांची लोकर सरकारनं घ्यावी, असं तू मागितलंस, ते वाचलं तेव्हा सगळे पुढं सरकून ऐकू लागले. दर कातरणीला आपण लोकर बांधावर टाकतो. फुकटसुद्धा कुणी नेत नाही. तुझ्यामुळे ती उचलली गेली तर या गावात तुझ्या नावानं दिवे लागतील.

मग पुढची ओळ आली. एकाहत्तरच्या लढाईत दौंड स्टेशनात फौजेची गाडी थांबली होती, आणि एका कुडकुडणाऱ्या जवानाला "माझ्या वडिलांनी" अंगावरचं घोंगडं काढून दिलं, असं तू सभागृहाला सांगितलंस.

मी पेपर खंडूकडे दिला. म्हटलं, उजेड कमी आहे. भर दुपार होती.

जयसिंग, तू रांगत होतास तेव्हा तुझे वडील वारले आणि आत्या तुला घेऊन आमच्याकडे आली. घोंगडं दिलं ते माझ्या वडिलांनी, आबांनी. तू त्यांना जन्मभर मामा म्हणालास. वडील म्हणालास ते दिल्लीत, ते गेल्यावर, आणि त्यांचं नाव न घेता.

ओट्यावरून उठताना मी हेच पुटपुटलो. चौघांनी ऐकलं असणार, कारण त्याच आठवड्यात शिरूरहून जीप आली. तुझ्या विरोधातले दोघं. चहा झाल्यावर थोरला म्हणाला, "तात्या, आमच्यासाठी नगं, नुसतं खरं बोला. रविवारी पत्रकार बोलावल्यात." दुसरा म्हणाला, "आन् येताना घोंगडं आणा. फोटोला बरं दिसतंय."

घरात नवं घोंगडं एकच होतं. तुझ्या सत्कारासाठी खंडूनं माझ्याच मेंढरांच्या लोकरीचं विणून घेतलेलं. घरातला वडीलधारा म्हणून ते तुझ्या खांद्यावर मी घालायचं, असं ठरलं होतं.

तुझी वहिनी आतून सगळं ऐकत होती. जीप गेल्यावर म्हणाली, "भावजी खोटं बोललं त्याचं दुखतंय, का आबा वाटून घ्यावं लागलं त्याचं?"

मी म्हटलं, सभागृहात खोटं बोलू नये.

"व्हय का," म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

तिला मी उत्तर दिलं नाही. तुला देतो.

एकाहत्तरच्या त्या पहाटे आबा, तू आणि मी, आपण तिघं होतो. मेंढरं दौंडच्या अलीकडे एका वावरात बसवली होती. जवानांसाठी गोळा केलेल्या भाकरी बैलगाडीतून आपणच स्टेशनात नेल्या. परतताना आबांच्या अंगावर नुसती बंडी. मी माझं घोंगडं काढायला लागलो तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, तुला गाडी हाकायचीय." आणि तुझ्या घोंगड्यात शिरले. सगळ्या वाटेनं मला मागचं बोलणं ऐकू येत होतं. तू शिरूरच्या बोर्डिंगातलं काही सांगत होतास आणि आबा हसत होते. माझ्याशी ते कमी बोलायचे, मेंढरांपुरतं. वाटेत कुणीतरी विचारलं, पोरं कुणाची? आबा म्हणाले, "माझीच. गाडी हाकतोय तो थोरला, ह्यो धाकटा."

तुला शाळा मिळाली आणि मला काठी, त्याचं मी कधी मनाला लावून घेतलं नाही. त्या धाकट्याचं मात्र लागलं. तीस वर्षं झाली, तू घरी येतोस, आबांच्या फोटोला हार घालतोस, आणि मी अजून त्या गाडीवर बसल्यासारखा बैलांकडेच बघत असतो.

तर रविवारी दौंडला उतरलो. पलीकडच्या फलाटाला फौजेची गाडी उभी होती, पुन्हा सीमेकडे निघालेली. दाराशी एक जवान पाय सोडून बसला होता, दक्षिणेकडचा असावा. कुठं निघालास विचारलं तर म्हणाला, "ऊपर." मी घोंगडं त्याच्या मांडीवर ठेवलं. तो हसला. घाम पुसून दाखवत म्हणाला, "चाचा, इतनी गरमी में?"

"ऊपर थंडी होगी," मी म्हणालो.

त्यानं घोंगडं नाकाशी नेलं. मेंढराचा वास आला असणार, पण परत दिलं नाही. गाडी हलली तेव्हा त्यानं नाव विचारलं. माझ्या तोंडून आबांचं आलं, "म्हस्कू."

आबांनी दिलं तेव्हा थंडी होती. मी उन्हात दिलं. पुण्याईसाठी दिलं असं मला बिरदेवापुढं म्हणवत नाही. ते शिरूरच्या फोटोत जाऊ नये असं वाटलं, आणि तुझ्या खांद्यावरही पडू नये असं वाटलं. दोन्ही खरं आहे.

शिरूरची एसटी लागली होती. ती मी जाऊ दिली आणि बूथवरून जीपवाल्यांना फोन लावला.

"गाडी चुकली का, तात्या?"

"न्हाई," मी म्हटलं. "जयसिंग बोलला ते खरं हाय."

सत्काराला ये. खंडूला शाल आणायला सांगितली आहे. वस्तीच्या रस्त्याचं विसरू नकोस. आणि पुन्हा कधी त्या सभागृहात बोललास तर नाव घे. म्हस्कू.

आबांचा थोरला,
म्हाळू